सूर्य राखायला गेलेले आप्पा

अन्याय झाला तो बेळगुंदीच्या आप्पांवर. जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवारी, म्हणजे बँकेला सुट्टी असते त्या, गुंजीच्या रानाकडेला, सूर्य मावळत असताना. करणारे आम्हीच, घरचे. बाहेरचं कुणी असतं तर एव्हाना मी पत्रक काढलं असतं, खाली सह्या घेतल्या असत्या आणि निदान एका कचेरीच्या दारात सतरंजी टाकून बसले असते. घरच्यांविरुद्ध पत्रक काढायची सोय नाही, म्हणून हे लिहिते आहे. आणि लिहायचंच तर आधी माणूस कोण ते सांगते. आमच्या पत्रकांची खोडच अशी की त्यात अन्याय ठळक अक्षरात असतो आणि माणूस बारीक अक्षरात.

तर आप्पा, माझे थोरले चुलते. दुसऱ्याच्या पोटाची एवढी चौकशी करणारा माणूस मार्कंडेय नदीपासून वेदगंगेपर्यंत दुसरा सापडायचा नाही, हे मी लिहून द्यायला तयार आहे. ओळख झाली की माणसं नाव विचारतात, गाव विचारतात, आमच्याकडे तर आडनावावरून पुढचं सगळंच विचारतात. आप्पांचा प्रश्न एकच. "तुम्हास्नी काय चालत न्हाय?" बेळगावहून निपाणीला जाणाऱ्या बसमध्ये त्यांनी हा प्रश्न एकदा कंडक्टरला विचारला. कंडक्टरला वाटलं, सुट्ट्या पैशांवरून काहीतरी टोमणा आहे; तो तापला. आप्पा शांतपणे म्हणाले, "खाण्यातलं इचारतोय, साहेब." मग मात्र कंडक्टर पाघळला आणि यमकनमर्डी येईपर्यंत हातातलं तिकिटाचं यंत्र बाजूला ठेवून, काकडी खाल्ली की आपला गळा कसा धरतो, हे सांगत उभा राहिला. आजही आप्पा त्या बसला चढले तर तो कंडक्टर "काकडी सोडली बघा" असं सांगून मगच तिकीट फाडतो, म्हणजे दाबतो. धाकट्या चुलत्यांच्या मुलीला बघायला मुलाकडची मंडळी आली तेव्हा सगळे नोकरी, घर, जमीन यावर घोळत होते आणि आप्पांनी मधेच मुलाला विचारलं, "वांगं चालतंय का?" मुलगा लाजत म्हणाला, "अंगाला खाज उठते." आप्पांनी तिथल्या तिथे निकाल दिला. "खरं बोलतंय पोरगं. पहिल्या भेटीत खाज सांगणारा माणूस पुढं काय लपवंल? देऊन टाका." दिली. सुखात आहे. घरात वांगं येत नाही, एवढंच.

यातलं काहीही ते लिहून ठेवत नाहीत. सगळं तोंडपाठ. बेळगावातल्या अनगोळच्या आमच्या गल्लीत कुणाला दूध बाधतं, कुणी गुरुवार करतं, कुणाच्या घरी श्रावण पाळतात आणि कुणाच्या घरी फक्त शेजाऱ्यांना दिसेल इतकाच पाळतात, हे आप्पांना माहीत असतं. आणि आप्पा राहतात बेळगुंदीत! काकू जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हापासून घरात एकटेच. रताळ्याचं शेत, दोन म्हशी, आणि पाठीला पिशवी अडकवून बसनं फिरायचा नाद. आमच्याकडे ते येतात ते बरोबर ताटं मांडायच्या वेळेला. आई म्हणायची, "घड्याळ बंद पडलं तरी चिंता न्हाय. आप्पा दारात आले की बारा वाजले समजायचं." भाऊबंदांत तर याहून बोचरं बोललं जायचं. "नेम बघा म्हाताऱ्याचा, कुकरची शिट्टी बेळगुंदीत ऐकू येती." आप्पा ऐकून हसायचे, पिशवीतली रताळी ओसरीवर ओतायचे आणि पाटावर बसता बसता आईला विचारायचे, "आज शनवार न्हवं? मग तू कवा जेवणार?" शनिवार मारुतीचा. आई दिवसभर उपास धरते आणि दिवेलागणीनंतर सोडते, म्हणजे दुपारच्या पंगतीला ती नसायची. हे आप्पांना फार लागायचं. का लागायचं, ते तेव्हा मला कळलं नव्हतं.

मी दूध-तूप सोडलं तेव्हा घरात मोठा तमाशा झाला. वडील म्हणाले, ही पत्रकं वाचून बिघडली. आई म्हणाली, लोणी कढवताना घरभर वास सुटतो त्याचं काय करू, तुला नाक बंद करायला लावू? एकटे आप्पा गंभीर झाले. समोर बसवून घेऊन त्यांनी माझी उलटतपासणी केली. "पोटाला काय हुतंय, का नुसता निषेध?" मी म्हटलं, निषेध. "कुणाचा? माझ्या म्हशीचा का काय?" मी म्हटलं, म्हशीचा नाही, म्हशीच्या बाजूनं. आप्पांना ते पटलं. मग म्हणाले, "बरं. मारुतीचा शनवार चालतोय, तर म्हशीचा उपास का न्हाय चालायचा?" आणि त्या दिवसापासून माझ्यासाठी आप्पांनी आणलेल्या कशालाही तुपाचं बोट लागलेलं नसे. चळवळीतल्या लोकांनीसुद्धा माझ्या म्हणण्याचा इतका मान कधी ठेवला नाही.

मग मीच एकदा उलटा प्रश्न केला. "आप्पा, तुम्हाला काय चालत नाही?" "मला? मला दगडबी चालतोय." वर्षभर मी पाळत ठेवली. भोपळा, कारलं, शिळी भाकरी, माझ्या हातची खिचडी, सगळं गेलं. कुणाचा उपास नाही, कशाची खाज नाही, साखर नाही, दाब नाही. जगभरच्या पोटांच्या खोड्या गोळा करणाऱ्या माणसाची स्वतःची एकही खोड नसावी, हे मला पटेना.

आता कॅम्पकडे येते. माझ्या भावानं मोबाईलवरून तंबू मागवले. बँकेत खुर्चीला खिळून बसणाऱ्या माणसाला रानाची ओढ अशीच पार्सलनं लागते. घरच्या घरी सगळ्यांनी मिळून एक मुक्काम गुंजीच्या पुढं, ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या रानाला लागून असलेल्या शेतात करायचा, असं ठरलं. वहिनी म्हणाली, निपाणीच्या आजीला बोलवूया. आणि तंबूची गोष्ट तिथंच अडली.

वहिनी निपाणीकडच्या जैन शेतकरी घरातली; घरात कन्नड, बाहेर मराठी. लग्न दोघांनी आपापल्या मनानं ठरवलेलं, नंतर दोन्ही घरांनी मान्य केलेलं. वहिनीची आजी फार नेमाची: जमिनीखाली पिकणारं काही नाही, म्हणजे कांदा, लसूण, बटाटा, आलं सगळं बाद, आणि सूर्य बुडाल्यावर तोंडात पाण्याचा थेंब नाही. लग्नात आमच्या मंडळींनी तिची सोय केली. सोय म्हणजे काय, तर कार्यालयाच्या मागच्या खोलीत टेबल मांडून तिला वेगळं वाढलं. आमची कल्पना अशी की आपण फार मोठं काम केलं! आप्पा विचारायला गेले, "आक्का, पोट भरलं न्हवं?" आजी म्हणाली, "पोट भरलं. पंगत तेवढी मिळाली न्हाय." त्यानंतर बारशाला नाही, वाढदिवसाला नाही, आजी आमच्या घरच्या कुठल्याही जेवणाला आली नाही. वहिनी बोलत नसे. पण दर सणाला पहिलं ताट वाढताना तिचा हात जरा थांबत असे.

"आजीला मी आणतो," आप्पा म्हणाले. "खरं माझ्या तीन अटी. एक चूल, एक पंगत, एक येळ; दिवस बुडाला की चूल बंद. जे आक्काला चालत न्हाय ते कुणालाच न्हाय, आणि जे तुमाला चालत न्हाय ते आक्काला न्हाय. ताटात फरक दिसला तर मी तंबू पेटवीन." आणि दुसऱ्याच दिवशी निपाणीला जाऊन ते आजीचा होकार घेऊन आले. आजीनं एवढंच म्हटलं होतं म्हणे, "ह्या खेपेला वेगळं बसवलं तर परत नाव काढू नका."

मग आप्पांचा महिना सुरू झाला. असा महिना कुठल्या आचाऱ्यानं राजाच्या मुदपाकखान्यात काढला नसेल. आजीचं सांगितलंच. वडिलांना साखर, म्हणून भात नाही आणि गोड नाही. वहिनीला गव्हानं पोट फुगतं. माझं दूध-तूप. सगळ्यात अवघड माझी भाची, भावाची लेक. तिला शेंगदाणा चालत नाही, एक दाणा गेला तरी ओठ सुजतात, श्वास लागतो. आता आमच्या भागात शेंगदाणा टाळायचा म्हणजे भिंतीचा चुना खरवडून खायचा! चटणीत कूट, आमटीत कूट, काकडीच्या कोशिंबिरीतही कूट, तेलसुद्धा त्याचंच. आप्पांनी चुलीवर चढणारं प्रत्येक भांडं नवं घेतलं आणि सूर्यफुलाच्या तेलाचा डबा स्वतः सील तोडून हुंगला. आईचा शनिवार ही शेवटची अडचण. आजीला सूर्य असताना जेवायचं, आईला दिवे लागल्यावर. एक वेळ कशी जमणार? आप्पा उठले, मारुतीच्या देवळात जाऊन आले आणि आईला म्हणाले, "इचारून आलोय. मारुती म्हणला, एक डाव सूर्य असताना जेव, माझं काय म्हणणं न्हाय. मी स्वतः ल्हानपणी सूर्यच खायला गेलतो." आईला हसू आवरेना. तिनं मान्य केलं.

एवढं सगळं वजा केल्यावर उरलं काय? ज्वारीची भाकरी, मुगाच्या डाळीची आमटी, कारळ्याची चटणी आणि भाजी म्हणून दोडका. सगळ्यांना चालणारी आणि कुणालाच न आवडणारी एकच भाजी परमेश्वरानं घडवली आहे, ती ही. भाऊ कळवळून म्हणाला, "आप्पा, रानात जाऊन दोडका खायचा? निखाऱ्यात तुमची रताळी तरी भाजू." आप्पांची रताळी म्हणजे बेळगुंदीचा अभिमान. शेकोटीच्या राखेतून ती काढून, फुंकर मारून, फोडून लोकांच्या हातात द्यायची, यापुढे आप्पांना स्वर्गही थिटा. पण ते म्हणाले, "रताळं जमिनीखालचं. आक्काला चालत न्हाय." आणि रताळ्याच्या गावचा माणूस, ऐन रताळ्याच्या हंगामात, रिकामी पिशवी घेऊन कॅम्पला आला.

जागा आप्पांनी आधी जाऊन पारखली होती. विहिरीचं पाणी चाखलं, वारा कुठून येतो ते धोतराचा सोगा धरून बघितलं, मुंग्यांची वारुळं हेरली, चुलीचे दगड मांडून ठेवले. मात्र पारखायला ते गेले सकाळी. बेळगुंदीचं त्यांचं शेत मोकळ्यावर. तिथं सूर्य कॅलेंडरात छापल्याप्रमाणे सरळ जमिनीत उतरतो. गुंजीच्या त्या शेताला मावळतीकडून टेकडी आहे. सकाळच्या उन्हात ती टेकडी झाडीनं गच्च, देखणी दिसते. ती सूर्य आधीच गिळते, हे सकाळी कुणाला दिसणार? सगळ्या गावच्या पोटांचा हिशेब ठेवणाऱ्या माणसानं टेकडीचं पोट तेवढं विचारात घेतलं नव्हतं.

झालं ते असं. आजी आली. नऊवारी, डोक्यावर पदर, सोबत गाळायचं फडकं. विहिरीचं पाणी तिनं स्वतः गाळलं. पंगत मांडली, पत्रावळी पडल्या, वाढून झालं. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला वहिनी, अशी आजी मधोमध बसली. तिनं हात जोडले आणि डोळे उघडले, तेवढ्यात टेकडीची सावली पंगतीवरून सरकली. ऊन गेलं. आजीचा हात भाकरीवरून मागं आला.

"दिवस बुडाला की हो."

"बुडाला न्हाय, आक्का. टेकडीमागं हाय," आप्पा म्हणाले.

"मला दिसंना. न दिसता कसं मानू?"

भावानं मोबाईल पुढं केला. "आजी, हे बघा, अजून वेळ आहे. इथं लिहून येतं."

"मोबाईल जेवणार हाय व्हय माझ्या बदली?"

वहिनीकडे मला बघवेना. पुन्हा तेच होणार होतं. आम्ही जेवणार आणि आजी बाजूला बसणार, फक्त या वेळी खोलीच्या जागी रान. आणि तेवढ्यात आप्पा म्हणाले, "आक्का, तुमच्या डोळ्यांच्या बदली माझं डोळं चालतील?"

आजीनं त्यांच्याकडे बघितलं. "तुम्ही खोटं बोलत न्हाय ते म्हाईत हाय," ती म्हणाली. "चालतील."

सत्तरी ओलांडलेला माणूस, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, धोतर खोचून त्या टेकडीवर चढला. चढला म्हणजे काय, करवंदीच्या जाळ्यांना शिव्या देत, हातापायांवर वर गेला. आणि मग वरून आवाज आला, "हाय! हाय अजून! जेवा!"

आजीनं पहिला घास घेतला. त्यानंतर जे जेवण झालं तसं जेवण मी जन्मात बघितलं नाही. दर दोन घासांनी आई खालून ओरडायची, "आप्पा, हाय का?" वरून उत्तर यायचं, "हाय!" भाची ओरडली, "केवढा हाय?" "भाकरीएवढा! सावकाश जेवा!" आम्ही हसत होतो, जेवत होतो आणि काय सांगू, तो दोडका इतका गोड लागला की वडिलांनी तिसऱ्यांदा मागून घेतला. "आता केवढा?" "अर्धी भाकरी!" आजी हसली. आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदा. आईनं तिला आमटी वाढली, तिनं आईच्या पत्रावळीवर आपली चटणी ठेवली. "आता?" "चतकोर ऱ्हायला! आवरा!" आजीनं शेवटचा घास घेतला, पाणी प्यायली, चूळ भरली. वरून आवाज आला, "गेला!" आणि खाली आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या! हे मी मुद्दाम लिहिते. टाळ्या वाजवायला हात होते, पण टेकडीवर जाऊन "आप्पा, तुम्ही उतरा, मी उभा राहतो" म्हणायला पाय नव्हते. माझा भाऊ रोज सकाळी व्यायामशाळेत जाऊन जागच्या जागी पळतो. तो कधीच जेवून मोकळा होऊन गवतावर आडवा झाला होता. मी माणसांच्या हक्कांवर बोलते. मी चटणी मागत होते. आणि आप्पांचाच नियम होता, दिवस बुडाला की चूल बंद. तो मात्र सगळ्यांना बरोबर आठवला. आप्पा ठेचकाळत खाली येईपर्यंत चुलीवर पाणी पडलं होतं आणि भांडी विहिरीवर गेली होती.

वहिनीनं तेवढी एक पत्रावळ झाकून ठेवली होती. तिनं ती कंदिलाजवळ आणून ठेवली. "आप्पा, जेवून घ्या."

आप्पा खाली बसले. धोतराला काटे अडकलेले, कोपर खरचटलेलं. पत्रावळीकडे बघितलं आणि हळूच बाजूला सारली. "ऱ्हाऊ दे गं. भूक न्हाय."

"दिवस बुडाला म्हणून का? तुम्हाला कुठं तो नेम आहे?" मी म्हटलं. मला राग आला होता. कुणाचा ते कळत नव्हतं. "दगड चालतो म्हणता, मग दोडका का नाही?"

"दोडका चालतोय की." ते करवंदीचा काटा उपटत राहिले. मग काट्याशीच बोलावं तसं म्हणाले, "एकट्यानं जेवायचं चालत न्हाय मला. तेवढं एकच. तुझी काकू गेल्यापास्नं घास खाली उतरत न्हाय. घरात कुणी समोर नसलं की पातेलं तसंच म्हशीला घालतोय."

वर्षभराची माझी पाळत तिथं संपली. बारा वाजता दारात येणारे आप्पा, कुकरच्या शिट्टीचे टोमणे, आईला "तू कवा जेवणार" असं दर शनिवारी विचारणं, सगळ्या जगाला काय चालत नाही ते घोकून ठेवणं. ज्याला दुसऱ्याच्या पंगतीवाचून घास उतरत नाही, त्यानं दुसऱ्यांची पोटं पाठ करायची नाहीत तर काय?

कुणी काही बोलायच्या आत आजी उठली. तिनं रिकामी पत्रावळ घेतली, आप्पांच्या समोर मांडली आणि मांडी घालून बसली. "आक्का, तुम्हास्नी चालत न्हाय," आप्पा घाबरून म्हणाले. "जेवाय चालत न्हाय," आजी म्हणाली. "बसाय चालतंय. मी बसतो. तुम्ही जेवा." मग वहिनी बसली. आई बसली. वडील, भाऊ, पेंगुळलेली भाची, मी. सगळे रिकाम्या पत्रावळी पुढं घेऊन बसलो. गार भाकरी आणि गार दोडका आप्पांनी चवीनं खाल्ला. आणखी वाढायला वहिनी पुढं झाली तेव्हा त्यांनी तळहात आडवा धरला आणि आजीच्याच कन्नडमध्ये म्हणाले, "साकु." पुरे.

मग हात धुता धुता त्यांनी विचारलं, "आक्का, भाजी कशी झालती?"

"मीठ कमी," आजी म्हणाली.

आप्पा अजूनही आमच्याकडे येतात, ताटं मांडायच्या वेळेला. आई आता घड्याळाचा विनोद करत नाही. शनिवारी उपास असला तरी पाट घेऊन समोर बसते. पण आप्पा एकाच घरी किती जाणार? बाकीच्या दिवशी ते कुठल्या तरी बसमधून उतरत असतील, पाठीला रताळ्यांची पिशवी, कुणाच्या तरी दाराकडे. ते दार तुमचंही असेल. आणि आप्पा नसले तरी तसं कुणीतरी तुमच्या भावकीत, तुमच्या गल्लीत आहेच. तेव्हा माझी मागणी तुमच्याकडे आहे, आणि ती एकच आहे. तो दारात आला तर "बरोबर वेळ साधली" असं म्हणू नका. ताट वाढा. आणि तुमचं जेवण झालेलं असलं, पोट अगदी गच्च भरलेलं असलं, तरी त्याचं होईपर्यंत समोर बसा.